मिठाशिवायचा बर्फ

प्रिय अब्बा,

उद्या चंद्रपूरला बैठक आहे आणि तिथे मला उभं राहून बोलायचं आहे. दुपारपासून प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून मुद्दे काढत होते. पहिला बरा जमला, दुसऱ्यात तुम्ही आलात, आणि तिसऱ्यापर्यंत मी पोचलेच नाही. सरकारी बैठकीत तुमचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ? 'राजुऱ्याचे हबीबभाई बर्फवाले' हा काय मुद्दा झाला? म्हणून तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही. रडू यायचं तेव्हा आलं आणि ओसरलं. आज मला तुमच्याशी कामाचं बोलायचं आहे.

धानाच्या रोवणीच्या आधी आमच्या आरोग्य केंद्रातून नळ्यांमध्ये पाणी भरून ते नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, साथ आलीच आहे असं समजून, ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. नव्या साहेबांना ती पटत नाही. ते म्हणतात, दोन पावसाळे या भागात तापाची साथ नाही. मग गाडी, डिझेल आणि एक माणूस पाण्यापायी कशाला गुंतवायचा? साहेब वाईट नाहीत. प्रश्नही चुकीचा नाही. तुम्ही असता तर एका वाक्यात भांडून मोकळे झाला असता. मला मात्र उत्तर द्यावं लागणार आहे, आणि ते द्यायला मला पहिल्यापासून सगळं आठवावं लागतंय.

तुम्ही लोकांना मी डॉक्टर आहे असं का सांगायचात हो? किती वेळा म्हटलं, अब्बा, मी प्रयोगशाळेत काम करते, रक्त काढते, काचेवर पसरवते, दुर्बिणीखाली मलेरियाचे जंतू शोधते. तुम्ही मान डोलवायचात आणि दुकानात आलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचात, "माही पोरगी पोंभुर्ण्याकडे डॉक्टर हाय." मासळीवाले, लग्नाचे आचारी, कुल्फीवाले, साऱ्या राजुऱ्यात मी डॉक्टर! मोहल्ल्यातल्या मुली उर्दू शाळेत जात होत्या तेव्हा मला मराठी शाळेत घातलंत, पुढे शिकायला नागपूरला पाठवलंत, त्याचं एवढं तरी फळ तुम्हाला हवं होतं बहुतेक. मी रागवायची. आता राग कशाचा यायचा तेही नीट सांगता येत नाही.

मी नोकरीत नवी होते त्या वर्षीचा ताप निंदणाच्या दिवसांत आला. नदीपलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, माणसं पटापट आजारी पडू लागली. अंग भाजावं तसा ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नसत. मी काचपट्ट्यांवर रक्त घेऊन रोज दुर्बिणीला डोळा लावून बसायची. मलेरिया सापडत नव्हता. वरून सूचना होती, सापडो न सापडो, औषध मलेरियाचंच द्या. आम्ही देत होतो. ताप उतरत नव्हता, आणि काहींचे डोळे आता पिवळे दिसायला लागले होते.

आमच्या केंद्राच्या डॉक्टर, बनसोड मॅडम, शांत बाई. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "नसीम, माझ्या डोक्यात तीन-चार नावं आहेत. प्रत्येकाचं औषध वेगळं. मी काय अंदाजानं देऊ? रक्त नागपूरला गेलं पाहिजे."

गेलं पाहिजे खरं, पण न्यायचं कुणी? केंद्राची गाडी दुसऱ्या कामावर होती. लसी ठेवायचे थंड डबे गावोगाव गेलेले. वादळानं तारा पडल्या होत्या, त्यामुळे वीज नाही, बर्फ नाही, आणि रक्त फिरवून त्यातलं वरचं पाणी वेगळं करायचं यंत्र बंद. साथ आली तर रक्त कुणी, कशातून, कोणत्या रस्त्यानं न्यायचं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. मला रक्त काढायला शिकवलं होतं. पाठवायला कुणी शिकवलं नव्हतं.

मी पोंभुर्ण्याला जाऊन एसटीडीवरून दुकानात फोन लावला.

"अब्बा, बर्फ पाहिजे."

"कोनाचं लगन हाय?"

"लग्न नाही. रक्त आहे."

मग म्हणालात, "किती लाद्या आनू?"

त्या दिवशी तुम्ही टेम्पो घेऊन आलात तेव्हा केंद्राच्या आवारात सगळे बाहेर येऊन बघत होते. गोणपाटाखाली, लाकडाच्या भुशात, एवढ्या लांबून आणलेली लादी जवळजवळ तशीच! आणि सोबत मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची पेटी. किती धुतली म्हणालात तरी वास यायचा तो यायचाच. मॅडमनी पदर नाकाला लावला आणि हसून म्हणाल्या, "काका, नागपूरलासुद्धा तुम्हीच नेता का? आमच्याकडे माणूस नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "थंड ठेवायचं, अब्बा. बस."

"अवो, बर्फवाल्याले सांगून राह्यली का, थंड ठेव म्हनून?"

सगळे हसले. मीही हसले.

पुढचं तुम्ही नंतर सांगितलंत म्हणून मला माहीत आहे. चंद्रपूरच्या बसस्थानकावर टेम्पो ओळखीच्या माणसाकडे लावलात, पेटी उघडून पाहिलीत, बर्फाचं पाणी होत चाललं होतं. नागपूर अजून लांब. तुम्ही एका कुल्फीवाल्याकडून ताजा बर्फ घेतलात, फोडलात, आणि त्यात मूठ-मूठ खडेमीठ टाकलंत. तुमच्या धंद्यात ते बरोबरच होतं. मिठानं बर्फ जास्त गार होतो, त्यावरच तर कुल्फी जमते. आणि मग नळ्या अगदी मधोमध दाबून ठेवल्यात.

मांडीवर पेटी घेऊन एसटीत बसलेले तुम्ही मला पुष्कळदा दिसता. शेजारचा माणूस वासानं उठून गेला असणार. तुम्ही खूश असणार. लेकीच्या कामाला आलो, एवढंच तुमच्या मनात असणार.

नागपूरच्या माणसानं एक नळी काढून उजेडासमोर धरली. खाली लाल आणि वर पिवळसर असं दिसायला हवं होतं. वरपासून खालपर्यंत एकच लाल, सरबतासारखं.

"काका, रक्त फुटलंय."

"काय फुटलं? एक बी नळी फुटली नाई! पाहा ना तुमी, साऱ्या सलामत हायत!"

तुम्ही भांडलात म्हणे. तो माणूस चांगला होता, त्यानं चिडायचं सोडून तुम्हाला विचारलं, बर्फाच्या खणात राहिलेला टमाटर बाहेर काढला की काय होतं? तुम्ही लगेच समजलात. बर्फवाल्याला आणखी काय सांगायचं? रक्त थंड हवं होतं, गोठलेलं नको होतं. गोठलं, आतून फुटलं, आता त्यातून काहीही कळणार नव्हतं.

तुम्ही राजुऱ्याला घरी गेला नाहीत. चंद्रपूरहून टेम्पो घेऊन सरळ केंद्रावर आलात. मी काचपट्ट्या धूत होते. तुम्ही दारातच उभे राहिलात, आत आला नाहीत.

"नसीम, मी सारं खराब केलं बेटा."

तुम्ही मीठ म्हणालात, गोठलं म्हणालात, टमाटर म्हणालात. मी ऐकून घेतलं. मग तुम्ही विचारलंत, "टोल्यावरचे लोक कसे हायत?"

टोल्यावरचा मारोतीभाऊ गेल्याची खबर त्याच सकाळी आली होती. तरणा माणूस. आम्ही त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात पाठवलं होतं, तिथे लघवी बंद झाली आणि संपला. तुम्हाला कसं सांगावं याचा मी विचार केला नाही. विचारलंत म्हणून सांगितलं.

रक्त पुन्हा घ्यावं लागणार होतं. मॅडमनी वाक्य तयार ठेवलं होतं: तांत्रिक कारणामुळे नमुने पुन्हा घेत आहोत. खोटं नव्हतं ते. लोक घाबरू नयेत, आपल्यावरचा विश्वास उडू नये, म्हणून अशी वाक्यं असतात. मला ते पटलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, मीपण येतो. तुमचं काय काम होतं तिथे? मी दोनदा म्हटलं, तुम्ही थकला आहात, इथे पडा. ऐकलं नाहीत. तुम्ही कुणाचं कधी ऐकलंत!

शाळेच्या पडवीत माणसं जमली होती. बहुतेक बाया, कारण पुरुष निम्मे आजारी. मॅडमनी त्यांचं वाक्य म्हटलं. लगेच मागून आवाज आला, "एक खेप नेलं ना रगत! आता आखीन काऊन?" दुसरी म्हणाली, "रगत इकून राह्यले हे लोक." तिसरीनं तर मुलाला उचललं आणि चालू लागली.

तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. टोपी काढून हातात घेतलीत.

"बाई, ऐकून घ्या. रगत कोनी इकलं नाई. रगत मी खराब केलं. मी बर्फवाला हाओ राजुऱ्याचा. थंड राहावं म्हनून मी बर्फात मीठ टाकलं, त्यानं ते गोठलं. या मॅडमची चूक नाई, माह्या पोरीची नाई. मीठ मी टाकलं."

मॅडमचा चेहरा मी पाहिला. त्यांना हे नको होतं. मलाही नको होतं, अब्बा. आता सांगते. मला लाज वाटली होती. माझा बाप साऱ्यांसमोर असा उभा, हातात टोपी.

आणि मग शेवंताबाई उठली. मारोतीभाऊची बायको. ती आलेली आहे हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. अशा घरातलं माणूस इथे येईल असं कुणाच्या मनात येणार? ती तुमच्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "आता बोलून काय फायदा, भाऊ?"

ती निघून गेली. तिच्यामागे एकेक करत बाकीच्याही गेल्या. पडवीत आम्ही तिघं उरलो. मॅडम म्हणाल्या, चला, उद्या बघू. तुम्ही खाली जमिनीवर बसलात. भिंतीला टेकूनही नाही, तसेच मधे. मी म्हटलं, अब्बा, उठा. तुम्ही म्हणालात, "तू जा. मी बसतो थोडा." मी हात धरून ओढलं तरी उठला नाहीत. कशासाठी बसला होतात? कुणी परत येईल असं तुम्हाला वाटत होतं? की उठायचं बळच नव्हतं? हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

बऱ्याच वेळानं शेवंताबाई परत आली. तिच्या खांद्यावर हात टाकून तिचा सासरा येत होता. म्हातारा तापानं लटपटत होता, डोळे लाल. तिनं त्याला तुमच्यासमोर आणून बसवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली,

"याचं घ्या. पन या खेपेले हे भाऊ एकटे नाई जातीन. तुमी सोता जायचं, बाई. सोता घेऊन जायचं आन् सोता सांगाले यायचं, काय होतं म्हनून."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? म्हाताऱ्याचं रक्त घेतलं आणि मग बाकीच्या बाया पुन्हा येऊ लागल्या, मुलाला उचलून गेलेलीसुद्धा.

त्या खेपेला पेटी माझ्या मांडीवर होती. तुम्ही टेम्पो चालवत होतात, थेट नागपूरपर्यंत. नळ्या कापडात गुंडाळलेल्या, बर्फ खाली आणि बाजूला, मधे भुशाची पुरचुंडी, मीठ नाही. वाटेत दर थोड्या अंतरानं तुम्ही विचारायचात, "पाह्य, गोठलं तर नाई?" मी झाकण उघडून पाहायची. झाकण सारखं उघडलं तर गारवा जातो हे तुम्हीच मला लहानपणी ओरडून शिकवलेलं, पण तुम्हाला त्या दिवशी तेही सुचत नव्हतं. शेवटी मी पाहिल्यासारखं करायची आणि सांगायची, ठीक आहे.

रक्त चांगलं पोचलं. निकालात आलेलं नाव मॅडमच्या डोक्यातल्या तीन-चार नावांपैकी नव्हतं. उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा ताप. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात अनवाणी उभं राहून निंदण करणाऱ्यांना, पायाच्या चिरांमधून. औषध साधं, स्वस्त, आमच्या कपाटात असलेलं. कपाटात होतं, अब्बा! पहिल्या दिवसापासून. फक्त नाव कळायचं बाकी होतं.

मी वचन दिल्याप्रमाणे टोल्यावर जाऊन सांगितलं. शेवंताबाईनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि सासऱ्याला गोळ्या कधी द्यायच्या ते विचारलं. म्हातारा वाचला. त्यानंतर टोल्यावर कुणी दगावलं नाही.

इथे ही हकिगत संपायला हवी होती. तुम्ही संपू दिली नाहीत.

ईदला मी घरी आले होते. अम्मी स्वयंपाकघरात होती. तुम्ही ताटावर बसला होतात, घास हातात, आणि एकदम विचारलंत, "नसीम, मीठ नसतं टाकलं तर तो मानूस वाचला असता का?"

मी म्हटलं, "माहीत नाही, अब्बा."

ते खरं होतं. पहिलं रक्त चांगलं पोचलं असतं तरी निकाल वेळेत आला असता का, त्याची मूत्रपिंडं तोवर गेलेली होती का, कुणीच सांगू शकत नाही. मॅडमनाही विचारलं होतं, त्याही हेच म्हणाल्या. पण ताटावर बसलेल्या बापाला लेकीनं एवढं मोजून उत्तर द्यावं का? दुसऱ्या कुणी तुम्हाला 'नाही हो, त्याचं आयुष्यच तेवढं' म्हटलं असतं. मी नाही म्हटलं. तुम्ही घास खाल्लात, पाणी प्यायलात, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत.

त्याऐवजी तुम्ही दुसरंच सुरू केलंत. दरवर्षी धानाची रोवणी जवळ आली की तुमचा टेम्पो केंद्रासमोर! बोलावलं नसताना. आणि आत येऊन मॅडमना प्रश्न: "यंदा ताप आला तं गाडी कोन नेनार? डबा कुठी हाय? बर्फ जमते का, लाइन गेली तं काय करनार?" पहिल्या वर्षी मॅडमनी चहा पाजला. दुसऱ्या वर्षी कंटाळत चहा पाजला. तिसऱ्या वर्षी त्या माझ्यावर चिडल्या, "तुझ्या वडिलांना सांग, हे सरकारी काम आहे." मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यायले म्हन, मंग सरकारी जवाब द्या ना! कोन नेनार?"

कोण नेणार हे ठरलेलं नव्हतंच. मॅडमनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे काका, ताप यायची वाट कशाला बघायची? नळ्यांत पाणी भरून पाठवून बघू. कुठे अडतं ते कळेल."

आणि किती ठिकाणी अडलं! पहिल्या वेळी थंड डब्याची किल्ली सापडली नाही. पुढे एकदा नागपूरला सुट्टीच्या दिवशी घ्यायला माणूसच नव्हता. एकदा पाणी चक्क गोठून पोचलं, आणि त्या वेळी मीठ कुणी टाकलं नव्हतं; बर्फाच्या पिशव्या नळ्यांना चिकटून ठेवल्या होत्या, शिकलेल्या माणसानं. हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तुम्ही हसला नाहीत, एवढं मात्र आठवतं. आजूबाजूच्या केंद्रांतले लोक आम्हाला 'पाणीवाले' म्हणायचे. तुम्हाला त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. बर्फ म्हणजे काय, पाणीच ना!

आता वीज गेली तर काय करायचं, सुट्टी असली तर कुणाला फोन लावायचा, गाडी नसली तर कोणत्या गावची मागवायची, हे आमच्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे. रक्त फिरवायचं यंत्र बॅटरीवर चालतं. तुमच्या दुकानाला फोन लावायची वेळ पुन्हा आली नाही.

तुम्ही गेलात ते असंच, हिवाळ्यातल्या दुपारी, गिऱ्हाईक नसताना. दुकानाच्या खुर्चीत. शेजारच्या दर्ज्याला वाटलं डुलकी लागली. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं. मातीला टोल्यावरून दोघंतिघं आली होती. खबर कशी पोचली कोण जाणे. शेवंताबाई आली होती. बाया आमच्यात कब्रस्तानात जात नाहीत म्हणून ती अम्मीजवळ बसून राहिली. जाताना मला म्हणाली, "भाऊ दर साली येत होते ना तिकडे. आमाले दिसे टेम्पो." बस, एवढंच.

साहेबांना मी उद्या हे सगळं सांगणार नाही. त्यांना वेळ नसेल, आणि ऐकून ते म्हणतील, वडिलांबद्दल वाईट वाटतं. मला ते नको आहे. मी त्यांना एवढंच सांगेन, की ज्या वर्षी ताप येत नाही त्याच वर्षी तयारी करता येते. आल्यावर फक्त धावपळ होते. आणि धावपळीत जो समोर दिसेल त्याच्या हातात आपण पेटी देतो. तो भला माणूस असतो. त्याला जे येतं ते तो करतो. आणि मग त्याला जन्मभर एक प्रश्न पुरतो, जो खरं तर त्याचा नव्हता, आमचा होता.

एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली. ताटावर हे म्हणायला हवं होतं. तेव्हा कळलेलंच नव्हतं तर कसं म्हणणार?

साहेब हो म्हणाले तर गाडीनं, नाही म्हणाले तर एसटीनं, पाणी जाईल. मी स्वतः घेऊन जाईन आणि स्वतः येऊन सांगेन, कुठे अडलं ते. मी निवृत्त होण्याआधी हे दुसऱ्या कुणाला शिकवून जाईन. मारोतीभाऊ वाचला असता का, ते मला आजही माहीत नाही, अब्बा. पण आमच्या केंद्रातल्या कुणाच्याही बापावर ताटावर घास थांबवून हे विचारायची पाळी येऊ देणार नाही. हे वचन.

तुमची लेक,
नसीम
(डॉक्टर नाही)